लॅपटॉपची अँटेना बदलून मिळणे व अर्जदाराची केंद्रावरून सुटका होणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जलपातळी नोंद विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : केंद्रावरील लॅपटॉपच्या आतील अँटेना बदलून मिळणेबाबत आणि अर्जदारास कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, “कार्ड मंजूर, अँटेनाबाबत स्वतंत्रपणे कळवावे.”
३) दूरसंचार शाखेचे मनोऱ्याच्या उंचीबाबतचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी जलाशयातील खडकावरच्या केंद्रावर पातळी नोंद लिपिक म्हणून कामास आहे. केंद्र म्हणजे एक खोली, एक ओटा, एक खाट आणि दाराबाहेर पाण्यात उतरत गेलेली आकड्यांची पट्टी. त्या पट्टीवरचा आकडा सकाळ-संध्याकाळ पाहून लॅपटॉपवरून मुख्य कार्यालयास कळवणे हे माझे काम. केंद्रावर मोबाइल चालत नाही. छतावर उपग्रहाची एक थाळी आहे, खोलीत तिचा खोका आहे, आणि त्या खोक्याशी लॅपटॉप बिनतारी जोडला जातो. लॅपटॉपला तार जोडायचे भोकच दिलेले नाही. बाकीची भोके सुरक्षिततेच्या कारणास्तव कार्यालयानेच बंद केलेली आहेत. आठवड्यातून एकदा लाँच येते. माणूस, सामान, कागद, जे काही जगातून यायचे ते तिच्यातून येते.

१. गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉपची जोडणी अधूनमधून तुटू लागली आणि नंतर बहुतेक वेळ तुटलेलीच राहू लागली. मी रीतसर कळवले. लॅपटॉप दुरुस्तीस पाठवून द्यावा असे उत्तर आले. त्याच पत्राच्या खालच्या परिच्छेदात, लॅपटॉपअभावी एकही नोंद चुकल्यास अर्जदार व्यक्तिशः जबाबदार राहील असेही होते. दोन्ही परिच्छेदांचे एकाच वेळी पालन कसे करावे हे मी विचारले. त्यावर मात्र आपण मोठ्या मनाने तंत्रज्ञ केंद्रावरच पाठवलात, त्याबद्दल आभारी आहे.

२. तंत्रज्ञ भला माणूस होता. लाँच धक्क्याला लागून उभी होती तेवढ्या वेळात त्याने लॅपटॉप पालथा घातला, खालचे झाकण काढले, जुने वायरलेस कार्ड उपसले आणि नवे बसवले. कार्डाला दोन बारीक तारा येतात, एक काळी, एक पांढरी. टोकाला टिकलीएवढ्या टोप्या असतात. त्या त्याने नखाने दाबून बसवल्या, टक् असा आवाजही आला. लॅपटॉप सुरू केला. जोडणी नाही. त्याने स्क्रीन हळूहळू मिटत आणला आणि चार बोटांची फट उरली तेव्हा जोडणी आली. स्क्रीन उघडला, गेली.

“तार बिजागरीत चेंगरलीय,” तो म्हणाला. “अँटेना वर असते, स्क्रीनच्या कडेला. तार तिथपर्यंत जाते बिजागरीतून. स्क्रीनची चौकट उघडून अख्खी अँटेना बदलायला हवी.”

मी म्हणालो, मग उघडा. त्याने मला आपल्या कार्यालयाचा कागद दाखवला. त्यावर फक्त ‘कार्ड बदलणे’ असे होते. चौकट उघडताना स्क्रीनला तडा गेला तर त्याच्या पगारातून कापले जाईल, असे तो म्हणाला, आणि त्याचे खोटे नव्हते. जाताना त्याने झाकणावर ‘छेडछाड करू नये’ अशी नवी चिठ्ठी चिकटवली आणि जुने कार्ड माझ्या हातात दिले. ते सोबत जोडले आहे. त्यात काही बिघाड नाही.

३. तेव्हापासून मी नोंदी पाठवतो त्या अशा : लॅपटॉप ओट्यावर ठेवून चार बोटांची फट उरेपर्यंत मिटतो. मग गुडघ्यांवर बसून गाल ओट्याला टेकतो आणि एका डोळ्याने स्क्रीन पाहत फटीत हात घालून आकडा दाबतो. मान धरते, पण नोंद जाते. एकही नोंद चुकलेली नाही, हे आपण पडताळून पाहावे.

४. अँटेनेसाठी मी स्वतंत्रपणे कळवले. आपल्या कार्यालयाने ते दूरसंचार शाखेकडे धाडले, कारण अँटेना ही बाब प्रक्षेपण साहित्यात मोडते. दूरसंचार शाखेने मनोऱ्याची उंची विचारली. मी खरे तेच कळवले : लॅपटॉप उघडा असताना एक वीत, मिटलेला असताना शून्य. त्यावर त्या शाखेचे पत्र आले की, किमान उंचीपेक्षा कमी असलेले मनोरे आमच्या कक्षेत येत नाहीत, तसेच मनोऱ्यावर रात्री तांबडा दिवा लावणे अर्जदारावर बंधनकारक आहे. पत्र सोबत आहे. दिवा लावलेला नाही. क्षमस्व.

५. इथवर मी हे सगळे सहन केले असते. माणसाला कशाचीही सवय होते, आणि जलाशयाचे पाणी सकाळी बघायला मला आवडते. पण पावसाळा सरल्यावर लाँचवाल्याने माझ्या थोरल्या बहिणीचा निरोप आणला. आमची आई ताईकडे असते. निरोप लाँचवाल्याने जसा ऐकला तसाच सांगितला : “ताई म्हणाल्या, आई आता घरातल्यांनाही विचारते, तुम्ही कुणाचे. परवा आपल्याच जावयांना पाणी दिलं आणि म्हणाली, लांबून आलात का? यायचं तर आत्ता ये म्हणावं.”

मी त्याच लाँचने बदलीचा अर्ज पाठवला. कधी नव्हे ते तो लगेच मंजूर झाला. कार्यमुक्तीचा आदेश लॅपटॉपवर आला. मी तो गाल ओट्याला टेकूनच वाचला, आणि त्या दिवशी मानही दुखली नाही.

६. महोदय, खरी अडचण येथून सुरू होते. आदेश वाचून चालत नाही, तो स्वीकारावा लागतो. कागदावर स्वीकारण्याची सोय आपण बंद केली आहे. आता लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून स्वीकारावा लागतो. कॅमेरा स्क्रीनच्या वरच्या कडेला आहे. स्क्रीन उघडला की कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, पण जोडणी जाते. स्क्रीन मिटत आणला की जोडणी येते, पण कॅमेऱ्याला फक्त कळफलक दिसतो.

मी फटीत डोके घालून पाहिले. कपाळ अडकले. उताणे झोपून, लॅपटॉप छातीवर घेऊन पाहिले. त्यात नाक आणि वरचा ओठ दिसला, त्यावर ‘चेहरा अपूर्ण’ असे आले. मग दाढीचा आरसा कळफलकावर तिरका ठेवला आणि त्यात वाकून पाहिले. माझा अख्खा चेहरा कॅमेऱ्याला दिसला याची मला खात्री आहे, कारण उत्तर आले ते असे : ‘ही प्रतिमा आहे, व्यक्ती नव्हे.’ तीन प्रयत्नांनंतर आदेश त्या दिवसापुरता बंद होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. मी रोज सकाळची नोंद पाठवून झाली की तिन्ही प्रयत्न करत असे.

७. अशात माझ्या जागी नेमलेले लिपिक लाँचमधून उतरले. वयाने मोठे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काका म्हणतो. वळकटी खांद्यावर, हातात कंदील. “चला, सुटलात तुम्ही!” असे ओरडतच ते पायऱ्या चढले. लाँच घाईत होती, ती निघून गेली. मग मी त्यांना लॅपटॉप दाखवला.

काकांनी कंदील खाली ठेवला आणि विचारले, “म्हणजे तुम्ही सुटल्याशिवाय मी रुजू नाही?”

मी म्हणालो, नाही.

“आणि तिकडच्यांनी तर मला सोडलंय. मग मी आत्ता आहे कुठे?”

नियमानुसार ते कुठेच नव्हते. केंद्राचा शिधा एका माणसाचा येतो, तो आम्ही दोघांत खाल्ला. खाट एक, ती आळीपाळीने. पुढच्या लाँचने ते परत जायला निघाले तर लाँचवाल्याने यादी काढली. केंद्रावरून परतणाऱ्याचे नाव केंद्राच्या हजेरीत असावे लागते. काकांचे नव्हते. “काका, तुम्ही इथं आलेलाच नाही, तर मी तुम्हाला इथून नेऊ कसा?” असे तो म्हणाला. त्याला स्वतःलाही ते बरे वाटले नाही. त्याने काकांना तंबाखूची पुडी दिली.

माझे नाव हजेरीत होते, पण कार्यमुक्ती नव्हती. त्यामुळे मलाही नेता येत नव्हते. लाँच गेली. काका बराच वेळ पट्टीजवळच्या पायरीवर बसून राहिले. नंतर आत येऊन म्हणाले, “मला इथंच निवृत्त करतील बघा. म्हणजे तेही नाही, रुजूच नाही तर निवृत्त कशातून करणार?” आम्ही दोघे खूप हसलो.

८. अँटेना आम्ही स्वतः बदलली नाही, हे नमूद करतो. तंत्रज्ञाने लाँचवाल्याकडे एका मोडीत निघालेल्या लॅपटॉपची अँटेना, दोन्ही तारांसकट, गुपचूप पाठवली होती, आणि काकांचा हात बारीक कामाला चांगला आहे. चौकटीच्या कडेत नख घालून ते दोनदा बसलेही. पण स्क्रीन फुटला असता तर नोंद गेली नसती, आणि धरणाखाली माणसे राहतात. दोन्ही वेळा त्यांनी नख काढून घेतले. ती अँटेना केंद्रावर सुरक्षित आहे. आपल्या एका ओळीची परवानगी मिळाल्यास ती दुपारभरात बसेल.

९. गेल्या आठवड्यात लाँचवाल्याने ताईचा दुसरा निरोप आणला. तो येथे लिहीत नाही. तो ऐकून काकांनी माझी पिशवी भरली. मी म्हणालो, कार्यमुक्त झाल्याशिवाय केंद्र सोडले तर नोकरी जाईल. ते म्हणाले, “केंद्र कुठे सुटतंय? इथं हजेरीत जो माणूस आहे तो तुम्ही, आणि खोलीत जो माणूस आहे तो मी. एक माणूस हवा, एक आहे. मी वाकतो सकाळ-संध्याकाळ, तुम्ही जा. आईला किती वाट बघायला लावणार?”

लाँचवाला सुरुवातीस तयार नव्हता. शेवटी त्याने यादीत पाहिले की माणसास मनाई असली तरी दुरुस्तीसाठी न्यायच्या साहित्यास मनाई नाही. त्याने मला पेट्यांच्या शेजारी बसवले आणि वहीत एक नग लिहिला. सदर नग मीच. यात लाँचवाल्याचा काही दोष धरू नये, अशी विनंती आहे.

१०. तेव्हा आजच्या तारखेस वस्तुस्थिती अशी की, मी केंद्रावर हजर आहे आणि केंद्रावर नाही. काका केंद्रावर आहेत आणि हजर नाहीत. माझ्या नावाने जाणाऱ्या नोंदी ते पाठवतात. त्या अचूक आहेत, त्यांची मान माझ्यापेक्षा जुनी आहे एवढेच. आपणास विनंती की, कृपया अँटेना बदलण्यास मान्यता द्यावी, काकांना ते उतरले त्या दिवसापासून रुजू धरावे, आणि माझा चेहरा कोणत्याही चालू कॅमेऱ्यासमोर, अथवा आपण स्वतः पाहून, स्वीकारून घ्यावा. शिक्षा करावयाची असल्यास ती मला एकट्याला व्हावी.

११. कार्यालयात येण्याआधी मी घरी गेलो, हे लपवत नाही. ताईने दार उघडले आणि ती बाजूला झाली. आई खिडकीशी शेंगा सोलत होती. ताईने मला दारातच बजावले होते की आधी स्वतःचे नाव सांग, घाबरवू नकोस. मी नाव सांगायला तोंड उघडले तर आईच म्हणाली, “ही दाढी काय वाढवलीस? भिकाऱ्यासारखा दिसतोस. बस.” मी बसलो. तिने सुपातल्या निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. आम्ही शेंगा सोलल्या. ताई आत जाऊन रडत होती ते ऐकू येत होते. आईने विचारले, ती का रडते? मी म्हणालो, कांदा चिरत असेल.

सगळ्या शेंगा संपल्यावर आईने माझा हात धरला आणि विचारले, “आता राहणार ना?”

महोदय, मी तिच्याशी खोटे बोललो नाही आणि खरेही सांगू शकलो नाही, कारण ते मला ठाऊक नाही. थोडा वेळ थांब, विचारून येतो, असे सांगून आलो आहे. तिच्या लक्षात किती वेळ राहील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तरी तिला काय सांगावे ते कृपया आजच कळवावे.

आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसलेला,
आपला नम्र,

(स्वाक्षरी)
पातळी नोंद लिपिक,
जलाशय केंद्र
दिनांक : आजचा