राजाचा नकार

॥ श्री ॥
घाटंजी, ता. १६ जानेवारी १९६१

चि. श्रीकृष्ण यास सुनीतीताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे संक्रांतीचे कार्ड पोचले. तीन ओळींत शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मेजर झालास म्हणून ऱ्हस्वदीर्घाला माफी नाही. तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

आता काम. तुझ्या हाताखालचा जवान नेमसिंग माझा विद्यार्थी. त्याची आई रुपीबाई त्याची पत्रे माझ्याकडून वाचून घेते. परवाच्या पत्रात त्याने लिहिले, की परदेशचा राजा विमानाने आला. आम्हा शंभर पोरांना कडक कपड्यांत ओळीने उभे केले, बँड वाजला, आणि राजा आम्हाला पाहायला आला. एकेकाला पाहत गेला आणि माझ्यापाशी थांबला.

मी चष्मा पुसते तोवर रुपीबाई उठून उभी राहिली. कडक कपडे, वाजंत्री, रांगेत पोरे आणि पाहायला आलेला बाप. तिच्या मते अर्थ एकच, राजाच्या घरी लग्नाची पोरगी आहे. मानवंदना म्हणजे काय ते मी पाऊण तास समजावले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, की लग्नाचं नाही तर मंग राजा पोरायच्या तोंडाकडे काहून पाह्यते? याचे उत्तर तुला येत असल्यास कळव.

हसू नकोस. नेमसिंगची सगाई राळेगावकडच्या तांड्यातल्या हंसाशी झाली आहे. तिचे वडील, म्हणजे त्या तांड्याचे प्रमुख धावजी नायक, यांच्या कानावर ही बातमी बाजारात गेली, आणि त्यांनी सगाई मोडत असल्याचा निरोप धाडला. ठरलेला पोरगा दुसऱ्याला दाखवला, हा त्यांचा अपमान. पोरगी दोन दिवस जेवलेली नाही. राजा नेमसिंगपाशीच का थांबला ते लिही.

लोभ आहेच. उत्तर लवकर आल्यास वाढेल.

तुझी
सुनीतीताई

दिल्ली, ता. २३ जानेवारी १९६१

ती. ताईस श्रीकृष्णाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मेसमध्ये वाचले आणि चहा वर्दीवर सांडला. ते राजे नव्हते, राष्ट्राध्यक्ष होते. पण ते रुपीबाईंना सांगून उपयोग नसावा.

खुलासा असा. मिशीचा पीळ टिकावा म्हणून पठ्ठ्याने मिशीला गुळाचे पाणी लावले होते. पाहुणे जवळ आले आणि मिशीवर मधमाशी बसली. तिथून नाकावर गेली, नाकावरून पापणीवर. नेमसिंग दगडासारखा उभा. माशी उडेपर्यंत पाहुणे त्याच्यासमोरून हलले नाहीत.

पुढचे धावजींना अजिबात सांगू नकोस. पाहुणे हसून म्हणाले, की हा मुलगा मला फार आवडला, देत असाल तर घेऊन जातो.

बाकी पाहायला येणाऱ्यांचा अनुभव तुझ्याइतका कोणाला आहे? अकरा जण पाहून गेले, आणि शेवटच्याला तू एकोणतीसचा पाढा म्हणायला लावलास, असे आई सांगायची.

माया असू दे, चुका माफ असू देत.

तुझा
श्रीकृष्ण

घाटंजी, ता. ३१ जानेवारी १९६१

चि. श्रीकृष्ण यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

अकरा नव्हे, बारा. आणि त्यांतल्या एकानेही बँड आणला नव्हता.

काल एसटीने धावजींच्या तांड्यावर गेले. त्यांनी खाटेवर बसवले, चहा दिला. मधमाशीपर्यंत सगळे सांगितले. खोटे मला बोलता येत नाही, म्हणून तुझ्या पाहुण्यांच्या शेवटच्या वाक्यापाशी मी खोकले. तो खोकला त्यांनी बरोबर ओळखला. त्यांचे म्हणणे, की राजानं पाह्यलं, थांबला, बोलला. मंग हो म्हणे का नाही म्हणे? तिकडून नकार येत नाही तोवर पोरगा अडकलेलाच. तेव्हा राजाचा नकार लेखी पाहिजे, शिक्क्यासकट. नाहीतर होळीच्या आत हंसा नेरच्या पूनमसिंगला देणार. त्याच्याकडे सायकल आहे.

रुपीबाईचा निरोप तिच्याच शब्दांत उतरवते. सायेब, राजाले सांगा, तुही पोरगी गुणाची असन, पन आमचं अगुदर ठरलं हाये. तिले भाकर थापता येते का, हेबी मी इचारत नाही. माह्या पोराले मोकळं कर म्हना. राग नोको मानू म्हना.

तू मेजर आहेस. काहीतरी कर.

सुनीतीताई

दिल्ली, ता. ९ फेब्रुवारी १९६१

ती. ताईस सा. न. वि. वि.

परदेशच्या राष्ट्राध्यक्षांकडे नकार मागितला तर माझीच नोकरी जाईल. म्हणून सोबतचा दाखला आमच्या कागदावर केला आहे. अक्षरन् अक्षर खरे आहे, तुला खोकावे लागणार नाही. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि कारण न विचारता सही केली.

“दाखला देण्यात येतो की, जवान नेमसिंग यास परदेशी पाहुण्यांनी समक्ष पाहिले. पुढे पाहूणे सदर जवानास न नेता स्वदेशी परत गेले. त्यानंतर त्यांच्याकडून सदर जवानाबाबत कोणतीही वीचारणा आलेली नाही.”

शिक्के दोन मारले आहेत. नेमसिंगला वीस दिवसांची रजा दिली आहे. मिशी ठेवू की काढू, हे तो तुला विचारायला सांगतो.

आशीर्वाद दोघांना पाठव, त्याला आणि मला.

श्रीकृष्ण

घाटंजी, ता. २७ फेब्रुवारी १९६१

चि. श्रीकृष्ण यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दाखल्यातल्या दोन चुका तांबड्या शाईने दुरुस्त करूनच मी तो तांड्यासमोर वाचला. धावजींनी दोन्ही शिक्के बोटाने चाचपले. तांबडी शाई पाहून राजाची सही हीच का, असे त्यांनी विचारले. मी खोकले.

कागद पागोट्यात खोचून ते खूश झाले. मी निघणार, तोच उसळून उठले, की राजानं नाही काहून म्हटलं? आमच्या जवायात काय कमी हाये? असा नायक जिल्ह्यात नाही, त्याच्या जवायाले नापसंत कराले तो कोन लागून गेला? राजाला जाब विचारणारे पत्र मी तिथेच लिहून द्यावे, असा त्यांचा हट्ट. एसटी चुकेल म्हणून सुटले.

काल लग्न झाले. वरपक्ष पोचताच धावजींनी आम्हा सगळ्यांना तांड्याबाहेर ओळीने उभे केले. यवतमाळहून बँड आणला होता. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहत स्वतः निघाले. नेमसिंगपाशी इतके थांबले, की बँडचे गाणे संपून पुन्हा सुरू झाले. मिशीवर मधमाशी नव्हती, मी खात्री केली. मग दिल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की आपल्याले पसंत हाये. हंसा पदराआड हसत होती. जेवणातही तिने कसूर केली नाही.

ओळीच्या शेवटी मी होते. मला वाटले, पुढे जातील. माझ्यासमोर थांबले, टाचा जुळवल्या आणि उलट्या हाताने सलाम ठोकला.

बारांनंतर हा तेरावा. या वेळी बँड होता.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे. शुद्धलेखन तेवढे वाढव.

सुनीतीताई