गिटार सोडून बाकी सर्व

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणे, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही, असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, मी कसल्या नशेत नाही. रागात मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, हे मी दोनदा विचारून घेतले. चालते. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे काही एका ओळीत धाकट्या भावाला देऊन मी मोकळी झाले होते, ते या कागदाने रद्द समजावे.

माझे लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही. वारस म्हणावा असा एकच: माझा धाकटा भाऊ, वय साठ, संगीत महाविद्यालयात गिटारचा प्राध्यापक, यापुढे उल्लेख 'धाकटा'. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तो आठ. वडील होते, पण असून नसल्यासारखे. त्याला कोणी वाढवले, हे वेगळे लिहायची गरज नसावी.

कलम १. भावजयीने मला दिलेला व्हॅक्यूम क्लीनर खोक्यासकट तिला परत द्यावा. मी तो उघडलेला नाही. लाकडाच्या भुशाने तिला शिंका येतात, असे ती लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणाली होती. या घरात भुसा पडायचा बंद होऊन सत्तावीस वर्षे झाली, तरी बाई आत पाऊल टाकताना रुमाल नाकाला लावतात.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझे शेवटचे सोपस्कार साधेपणाने करावेत. उरेल ते सार्वजनिक रुग्णालयाच्या दंतविभागाला द्यावे, ज्यांना परवडत नाही त्यांच्या कवळ्यांसाठी. सभा, भाषणे नकोत. विशेषतः धाकट्याने वाजवू नये. कारण पुढे येईल.

कलम ३. गिटार. ही माझ्या मालकीची नाही. मी ती धाकट्याला बक्षीस दिली, आणि दिलेली वस्तू मृत्युपत्रात पुन्हा वाटता येत नाही. मात्र ती मी बनवली, एवढे येथे नोंदवते.

त्याला चांगली गिटार परवडत नव्हती, आणि स्वस्तातल्या गिटारी बाराव्या पडद्याच्या पुढे बेसूर होत. मी पोस्टाने गिटारचा पूर्ण मापाचा एक नकाशा मागवला. दात घडवणाऱ्या हाताला मिलिमीटरचा दहावा भाग कळतो, लाकडात याहून अवघड काय असणार, असा माझा माज होता. तो पहिल्याच महिन्यात उतरला. गरम नळीवर शिसवीची ओली पट्टी वाकवताना ती कडाड करून तुटते, तेव्हा सगळा माज जिरतो. तीन तुटल्या, चौथी वाकली. आतल्या कडेची पट्टी चिकटवायला कपड्यांचे बहात्तर चिमटे लागले. तो आठवडाभर आमचे ओले कपडे खुर्च्यांवर वाळले. पुढची फळी तासायची, बोटाने ठोकायची, कान लावायचा, पुन्हा तासायची. एका रविवारी सकाळी तिचा ठकठक आवाज जाऊन ती गुंजली. मी हातातली पाती खाली ठेवली आणि रडले. गिटार पुरी व्हायला तीन वर्षे लागली, त्यांत रडले ते तेवढे एकदाच.

एक चूक झाली. मानेच्या ठोकळ्याला दोन खाचा असतात, त्यात दोन्ही बाजूंच्या वाकवलेल्या पट्ट्या बसतात. डावी खाच मी दोन मिलिमीटर रुंद कापली. दुसऱ्या मानेपुरते लाकूड नव्हते आणि धाकट्याचा पहिला मोठा कार्यक्रम चार महिन्यांवर आला होता. मी लॅबमधून कवळीच्या हिरड्यांचे गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणले आणि ती फट भरली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने पावडर कालवून दिली. "गिटारला हिरडी बसवलीस गं," ती म्हणाली. ती हिरडी आजतागायत हललेली नाही. बाहेरून दिसत नाही. गोल भोकातून दातांचा छोटा आरसा आत घातला आणि बॅटरी मारली, की स्वच्छ दिसते.

गिटार वाजली तेव्हा धाकट्याने तोच स्वर पुन्हा पुन्हा छेडून पाहिला. मग म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. पण दातांच्या लॅबमधल्या बहिणीने केलीय म्हटलं, तर लोक ऐकायच्या आधीच हसतील. आत एखादं परदेशी नावाचं लेबल लावूया का? एवढ्या एका कार्यक्रमापुरतं."

लेबल मी लिहिले. तिरक्या, जुन्या वळणाच्या अक्षरात, चहाच्या पाण्यात भिजवून पिवळ्या केलेल्या कागदावर. हे मी लपवणार नाही. कारागिराचे नावही मीच ठेवले. समोर दातांच्या प्लॅस्टरचा आयात केलेला डबा होता, त्यावरचे आडनाव उचलले. त्या वेळी आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो. मला वाटले, ही आमच्या दोघांची गंमत आहे.

एका कार्यक्रमापुरते लेबल सत्तावीस वर्षे राहिले. पहिली काही वर्षे धाकटा विचारल्यावर नुसता हसायचा. पुढे मुलाखतींत एक म्हातारा कारागीर आला. मग त्या म्हाताऱ्याचा एक डोळा गेला. मग त्याने म्हणे पाणावलेल्या डोळ्याने ही गिटार धाकट्याच्या हाती सोपवली. एका समीक्षकाने या गिटारच्या खर्जात त्या कारागिराच्या घराण्याची चार पिढ्यांची परंपरा ऐकू येते, असे लिहिले. प्लॅस्टरच्या डब्याची परंपरा. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने त्या म्हाताऱ्याला मारून टाकले आणि त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला. मी तिसऱ्या रांगेत होते. सुरुवातीला सगळ्यांनी उभे राहून एक मिनिट शांतता पाळली. मीही उभी राहिले. माझ्याच श्रद्धांजलीला मी उभी होते आणि शेजारची बाई मला रुमाल देत होती.

कवळीवर कोणी कारागिराचे नाव घालत नाही. एकतीस वर्षे लोक माझ्या दातांनी जेवले, हसले, भांडले. त्याचे मला कधी काही वाटले नाही. या एका वस्तूचे वाटते. फार वाटते.

कलम ४. पलंगाखाली, पहिल्या गिटारनंतर सुताराच्या वखारीतून आणलेला, चादरीत गुंडाळलेला लाकडाचा दुसरा संच आहे: पुढची फळी, मागची फळी, पट्ट्या, मान. मला दुसरी गिटार करायची होती. धाकटा म्हणाला, "घरात लाकूडकाम दिसलं तर लोक चौकशा करतील. थोडं थांब ना." मी थांबले. थांबता थांबता हात कापू लागले. हा संच, साचा, सगळी हत्यारे आणि नकाशा त्या सुताराच्या मुलीला द्यावेत. वखार आता तीच चालवते. भेटली की "बाई, दुसरी कधी?" असे विचारणारी जगात ती एकटी. तिने गिटार करावी किंवा करू नये. केली तर आत स्वतःचे नाव लावावे आणि त्या बाबतीत भावाचे, नवऱ्याचे, कोणाचेही ऐकू नये.

कलम ५. राहते घर, दोन खोल्या, तिसरा मजला, धाकट्याला. बिनशर्त. मी आधी अट घातली होती: कार्यक्रमात वाजवायला बसण्याआधी त्याने "ही गिटार माझ्या ताईने बनवली" एवढे एक वाक्य बोलावे, मग घर. वकीलबाईंनी मसुदाही केला होता. मी तो फाडला. घराच्या लोभाने बोललेले वाक्य कवळीसारखे असते, रात्री काढून पेल्यात ठेवता येते. शिवाय तो यंदा निवृत्त होतो, कॉलेजने दिलेली राहायची जागा सोडावी लागेल, आणि स्वतःचे घर त्याने कधी केले नाही. माझ्या रागापायी त्याने उघड्यावर यावे, इतकी मी वाईट नाही. स्वयंपाकघराचा नळ उजवीकडे जास्त फिरवू नये.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

मागच्या महिन्यात धाकटा आला. फळे घेऊन आला, तेव्हाच ओळखले की काम आहे. निवृत्त होताना तो गिटार कॉलेजच्या संग्रहालयाला देणार आहे. काचेच्या कपाटात राहील, खाली त्या म्हाताऱ्याचे नाव आणि देणगीदार म्हणून याचे. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई चोख आहेत, त्यांनी कारागिराचा कागद मागितला आहे. धाकट्याने पिशवीतून जाड, पिवळसर कागद काढले आणि टेबलावर ठेवले.

"ताई, तुला ते जुनं तिरकं अक्षर अजून येतं ना? चार ओळी लिही. त्याने मला गिटार दिली, अशा. शेवटचंच."

मी विचारले, "आणि माझं नाव?"

"आता या वयात काय करायचंय ताई तुला नाव?"

"कागद ठेवून जा," मी म्हणाले. कागद चांगला आहे, शाई फुटत नाही. मी तो वाया घालवलेला नाही. आपण जे वाचत आहात ते त्याच कागदावर लिहिले आहे, आणि माझ्या नेहमीच्या सरळ अक्षरात.

वकीलबाईंना माझी सूचना अशी. माझ्या मृत्यूनंतर हे मृत्युपत्र प्रथम फक्त धाकट्याला वाचून दाखवावे. त्यानंतर तीस दिवस काहीही करू नये, त्याला फोन करू नये, आठवण देऊ नये. तेवढ्यात त्याने स्वतः जाऊन संग्रहालयाच्या बाईंना खरे सांगितले, तर हे कलम संपले. न सांगितल्यास एकतिसाव्या दिवशी कलम ३ ची नक्कल त्या बाईंकडे पाठवावी, सोबत माझा दातांचा आरसा. डावी खाच, मानेच्या ठोकळ्याजवळ. गुलाबी आहे, चुकणार नाही.

तीस दिवस कशाला, आठच द्या, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यांना धाकटा माहीत नाही. लहानपणी त्याने आईचे मनगटी घड्याळ उघडून बिघडवले आणि मला येऊन "मी पाहिलंच नाही" म्हणून सांगितले. मी ओरडले नाही, विचारलेही नाही. सहाव्या दिवशी मी भांडी घासत होते, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ते मीच उघडलं." कोणी मागे लागले नाही तर तो खरे बोलतो, पण त्याला वेळ लागतो. घड्याळाला सहा दिवस लागले. ही गोष्ट मोठी आहे, आणि तोही आता म्हातारा झाला आहे, म्हणून तीस धरले. या वेळी तो मागे येऊन उभा राहील तेव्हा मी तिथे नसेन. त्या बाईंनी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर माझ्या स्वतःच्या नावाने सही केली आहे.

(सही)

साक्षीदार १: निवृत्त सहकारीण, दातांची लॅब. पावडर हिनेच कालवली होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून तिला जे द्यायचे ते मी मागच्या आठवड्यातच देऊन टाकले. (सही)

साक्षीदार २: तळमजल्यावरचे डॉक्टर. लिहिणारीची बुद्धी शाबूत असल्याचे त्यांनी तपासून सांगितले आहे. रक्तदाब जास्त निघाला. (सही)

स्थळ: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२३, दुपारी चार