वाइनऐवजी नेलेली तूर्तियेर

रोबेर्वाल,
मेणबत्त्यांच्या सणानंतरचा मंगळवार

ती. एक्झिल्दाताईस धाकट्या अल्फोन्सीनचा नमस्कार.

आधी हिशेब, मग ख्यालीखुशाली. परवाच्या रविवारी माँत्रेआलच्या हॉटेलात आमच्या टेबलावर आलं ते असं (भाव माणशी). पिवळ्या वाटाण्याचं सूप, सव्वादोन डॉलर वाटी (वाटी म्हणजे आपण उकडलेलं अंडं ठेवतो तेवढी). डुकराची चरबी घालून शिजवलेला घेवडा, तीन डॉलर. डुकराच्या पायांचा रस्सा, साडेसात, त्यात पाय शोधावा लागला. बीटाचं लोणचं, चार चकत्या, ऐंशी सेंट. साखरेची तार्त, पावणेतीन. चहा नव्वद सेंट, आणि तोही पाणी वेगळं, पुडी वेगळी, म्हणजे करायचा आपणच. पाव फुकट होता, म्हणून तो आम्ही पुन्हा पुन्हा मागवला. बिलाच्या तळाशी मात्र ‘तूर्तियेर, सहा वाटे’ असं लिहून पुढे बेचाळीस डॉलर वजा केले होते. हॉटेलच्या बिलातून पैसे वजा झालेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते कसे झाले हे सांगायला हे पत्र.

तुझे गुडघे कसे आहेत? संत योसेफांच्या मंदिरातलं तेल तुझ्यासाठी आणलं आहे. टपालानं पाठवत नाही, बाटली फुटते. तुमच्या दोल्बोकडे जाणारं कुणी मिळालं की देईन. इथे देवमातेच्या कृपेनं सगळे बरे. आमचे हे (ल्युजेर) खोकतात, पण ते बर्फ काढायची वेळ झाली की.

आता आमच्या मुलाचं, रेझांचं. चाळिशी उलटली (तुझ्या मते बेचाळिशी, असू दे). पहिली मुलगी पाहिली ती मठात गेली, दुसरी ओंटारिओत गेली, आणि त्यानंतर मी संत आनाला नवस बोलायचंही थांबवलं, कारण एकच गोष्ट सारखी मागणं बरं दिसत नाही. अशात त्याला ही मिरेय भेटली. शांत, नीटनेटकी, मिस्साला जाणारी. तिचे वडील मस्ये आर्काद त्रेपानिए यांचं ‘लाकडाची चूल’ नावाचं हॉटेल आहे, घरच्या जेवणाचं (चूल गॅसची आहे, दारात लाकडं रचून ठेवली आहेत ती कुणी जाळत नाही). आई नाही. हॉटेलचे हिशेब हीच पाहते, आणि वडील नाही म्हणाले तर लग्न करणार नाही, असं तिनं रेझांला आधीच सांगून टाकलं होतं. आणि मस्ये आर्काद हो म्हणत नव्हते. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, म्हणाले, माणसं जेवताना पाहिल्याशिवाय मी कुणाबद्दल मत देत नाही. म्हणजे सगळं त्या एका जेवणावर होतं.

रेझांनं लिहिलं, आई, तिथे वाइन आपली आपण न्यायची पद्धत आहे, तेवढी घेऊन ये. आता तुला सांगायला नको. आपण दोघींनी दारूबंदी मंडळात शपथ घेतली ती फादरांसमोर, आणि मंडळाचा काळा क्रूस अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. मंडळ बंद पडलं म्हणून शपथ बंद पडत नाही (तुझ्या नाताळच्या केकबद्दल मी काही म्हणत नाही). तेव्हा वाइनचा प्रश्न नव्हता. पण न्यायला सांगितलं असताना रिकाम्या हातानं जाणं हेही आपल्यात नाही. मी विचार केला, ज्या हॉटेलात पिण्याचं आपलं चालतं तिथे खाण्याचं का चालू नये? फादर दिओनना मिस्सानंतर विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, चर्चच्या कायद्यात तरी याला मनाई नाही. नववर्षाची एक तूर्तियेर फ्रीझरमध्ये होती, आपली तळ्याकडची, पातेलंभर मांस-बटाट्याचे तुकडे आणि वर मैद्याचं झाकण. ती मोठ्या काळ्या पातेल्यासकट लाल ब्लँकेटमध्ये बांधली आणि बसमध्ये मांडीवर घेतली. जरा जास्तच जड लागत होती. मी वयाला दोष दिला.

हॉटेलात मुली आपल्या आजीच्या वेळच्या टोप्या घालून वाढतात. त्यातल्या एकीनं त्यांची तूर्तियेर आणून समोर ठेवली. ताई, माँत्रेआलला तूर्तियेर कशाला म्हणतात ते तुला ठाऊक आहे: खिमा, आणि जाडी मिस्साच्या पुस्तकाएवढी. मी त्या मुलीला सरळपणे विचारलं, ‘बाळ, हे झाकण छान आहे, तूर्तियेर मागून येते का?’ मस्ये आर्काद माझ्या मागेच उभे होते.

 मला वाटलं आता आपली भेट पुढे करावी, म्हणजे वातावरण निवळेल. ब्लँकेट सोडलं. पातेल्याच्या बगलेतून एक लाल वाइनची बाटली घरंगळत निघाली आणि मस्ये आर्कादच्या ताटाला टेकून थांबली. मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. म्हणाले, ‘पातेलं हलू नये म्हणून लावली होती.’

मस्ये आर्कादनी बाटलीकडे पाहिलंच नाही. पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, माझं हॉटेल आहे. तीस वर्षं लोक इथे जेवायला येतात. तुम्ही डबा घेऊन आलात.’ मी म्हटलं, ‘डबा नाही, भेट आहे. लाकला, तळ्याकाठी, आम्ही एकमेकांकडे असंच जातो.’ ते म्हणाले, ‘तुमच्या लाकला जेवायला हॉटेल नसेल.’ हे म्हणाले, ‘आहे की. चिनी आहे.’ यांना मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं ते मला कळलं नाही.

मस्ये आर्काद पातेलं उचलून आत गेले आणि आले नाहीत. मिरेय रुमालाची नीट घडी करत बसली, उलगडायची आणि पुन्हा घडी करायची. रेझां म्हणाला, ‘आई, फक्त वाइन सांगितली होती.’ तेवढंच म्हणाला. मी टेबलाखाली जपमाळ धरली आणि दुःखाची पाच रहस्यं जपायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. यांनी मात्र पाव मागवला.

आत झालं ते असं (हे मागाहून कळलं). आचाऱ्यानं पातेलं भट्टीत ठेवलं, का तर समोर दिसलं म्हणून. वाढणाऱ्या मुलीला वाटलं, आज तूर्तियेर नवीन भांड्यात केली आहे. तिनं सहा वाटे कापले आणि खिडकीजवळच्या टेबलावर वाढले, तिथे त्रुआ-रिव्हिएरचं एक कुटुंब बसलं होतं. थोड्या वेळानं तिथले एक जाडजूड गृहस्थ उठले आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आर्काद, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?’

मग मस्ये आर्काद बाहेर आले. हातात बशी होती आणि ते उभ्या उभ्या खात होते. बटाट्याचा तुकडा, मग मांसाचा, मग नुसता रस्सा चमच्यानं. ‘ससा आहे,’ म्हणाले. मी मान हलवली. ‘आणि अजून काहीतरी आहे.’ मी पुन्हा मान हलवली. ‘कुणाच्या हातची?’ मी म्हटलं, ‘आमच्या घरची.’ त्यांनी बाटली उघडली, यांच्या पेल्यात ओतली, स्वतःच्या ओतली, आणि म्हणाले, ‘मुलीला मी नाही म्हणणार नाही. पण माझी एक अट आहे. उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी मी रोबेर्वालला येतो. बाईंनी ही माझ्यासमोर करायची, पहिल्यापासून. साखरपुड्याला मी माझ्या हातानं हीच वाढणार.’ मिरेयनं रुमाल ठेवला. रेझांनं पहिल्यांदाच घेवडा खाल्ला.

बिल मात्र दिलं. विकल्या गेलेल्या सहा वाट्यांचे पैसे माझे म्हणून वजा केले आणि बाकीचं सगळं घेतलं, लोणच्याच्या ऐंशी सेंटांसकट. व्याही म्हणून मला ते तिथेच पसंत पडले.

यांनी दोन पेले घेतले. परतीच्या बसमध्ये मी त्यावर काही बोलले नाही. ते जास्त लागतं.

तुझ्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करते.

तुझी धाकटी बहीण,
अल्फोन्सीन

ता. क. : बाजारात ससा मिळतो का तुमच्याकडे? सहज विचारते.

ता. क. २ : ती तूर्तियेर तू नववर्षाला दिलेली होती. नीट सांगते, नाहीतर तुला कुणीतरी सांगेलच. फ्रीझरमध्ये दोन होत्या, तुझी आणि माझी. माझी चांगली म्हणून ती घरासाठी ठेवली आणि तुझी परक्यांकडे नेली. मी खोटं बोलले नाही. ‘आमच्या घरची’ म्हटलं, आणि आईच्या बाजूनं घर तुझं-माझं एकच. परत आल्यावर काल माझी कापली. यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, ‘ती रविवारची संपली का?’

ता. क. ३ : तुझ्यात मिरं जास्त पडतं असं मी इतकी वर्षं म्हणत आले ते तू मनाला लावून घेऊ नकोस. किती पडतं ते लिही. मांस आदल्या रात्री कशात मुरवतेस, पाणी कधी घालतेस, आणि ते ‘अजून काहीतरी’ काय आहे. मस्ये आर्काद माझ्या चुलीशी उभे राहून पाहणार आहेत आणि रेझांला आता आणखी एक मुलगी शोधणं माझ्यानं होणार नाही. फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि हेही तिथेच असतात. पोस्टकार्डही नको, पोस्टातल्या बाई वाचतात. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. तेल मी स्वतः घेऊन येईन, दोन बाटल्या. मात्र उलट टपाली कळव.