दोन चाकांची होडी

५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. बातमी अशी की मी लिफ्टदुरुस्तीची नोकरी सोडली. तुझ्या दादाला माहीत आहे, तेव्हा त्याच्याकडे चुगली करायची तसदी घेऊ नकोस.

मी खेळाचं यंत्र बनवते आहे. मांडव, खुर्च्या देतात तसं समारंभांना भाड्याने द्यायचं. कपाटाएवढी पेटी, तिच्यात पडदा, पडद्यावर नदी आणि होडी. समोर बसच्या स्टिअरिंगसारखी दोन चाकं. एक चाक डावं वल्हं मारतं, दुसरं उजवं. दोघांनी एका तालात फिरवलं तर होडी सरळ जाते. एकानेच जोर दाखवला की जागच्या जागी गिरक्या घेते. एकट्याला खेळताच येत नाही.

दादा म्हणतो, लोकांना बंदुका नि धडाधड गोळीबार लागतो. पण हॉलच्या लिफ्ट सांभाळताना मी कितीतरी समारंभ पाहिलेत. माणसं हातात बशी धरून भिंतीला पाठ लावतात आणि शेजारच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. त्यांना एकमेकांवर ओरडायला काहीतरी निमित्त हवं. ते मी देणार.

बाबा ठीक आहेत. बस चालवणं संपल्यापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांच्या चुका काढतात. तुझा विषय ते काढत नाहीत, म्हणून मीही काढत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी

१४ जानेवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले, मग पुन्हा हसले. आमच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, वहिनीला बहीण आहे का, तिलाही असंच वेड आहे का.

चेष्टा बाजूला. कपाटाएवढी पेटी म्हणतेस, ती दारातून आत जाणार कशी? आणि दादाची कुरकुर मनावर घेऊ नकोस. त्याला लहानपणी पतंगसुद्धा दुसऱ्याने उडवून दिलेला आवडायचा.

बाबांबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. ठरलेलं लग्न मी मोडलं, त्यांचा शब्द गेला, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणंही गेलं. मला पश्चात्ताप नाही. फक्त त्यांच्या गुडघ्याचं काय, तेवढं पुढच्या पत्रात कळव. मी विचारलं असं सांगायची गरज नाही.

आठवण ठेव, राग आला तरी ठेव.
तुझी भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नाही गेली. पेटी दारातून नाही गेली.

पहिलाच समारंभ, आणि यंत्र बाहेर बोळात, चपलांच्या ढिगाशेजारी. तरी चार माणसं आली. एका दांडगोबाने चाक भोवऱ्यासारखं गरागरा फिरवलं आणि दांडा तुटून चाक त्याच्या हातात आलं. तो ते घेऊन फोटो काढत फिरला. कार्यक्रम भरवणाऱ्या बाईंनी पेटीवर टेबलक्लॉथ टाकला आणि वर पाण्याचे पेले मांडले. भिंगरी, माझ्या होडीचं टेबल झालं गं.

दादा म्हणाला, पडदा काढून विकून टाकू. मी म्हटलं, आधी मला विक. मग दोन दिवस मी पेटीकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी पान्हे घेऊन बसले. पेटी मधोमध कापली. आता दोन भाग वेगळे आत जातात आणि बोल्टांनी जुळतात. खेळ आखूड केला, म्हणजे मागचे कंटाळत नाहीत. चाकांपाशी मात्र अडले. तेव्हा बाबा गुडघा धरत आले, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले की इतकं हलकं चाक कोणीही उनाडासारखंच फिरवणार. मी आत ब्रेकची पट्टी बसवली. मग ते रोज येऊन फिरवून पाहायचे आणि 'नाही' म्हणून मान हलवायचे. एकदा हलवली नाही, तेव्हा मी पान्हा खाली ठेवला. (गुडघा दुखतो, पण ऐकतात कुणाचं?)

बाई शेवटची संधी देताहेत. एका इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांचं संमेलन आहे, मार्चच्या दुसऱ्या रविवारी. याही वेळी फजिती झाली तर पुन्हा बोलावणार नाहीत. दादाची पाठ पेटी उचलताना धरली आहे. मला माणूस हवं. येशील? बाबा असतील. तुला फसवून बोलवायचं नाही, म्हणून आधीच सांगते. तू येणार हे त्यांनाही सांगेन.

नाही म्हणालीस तरी प्रेम तेवढंच.
तुझी वहिनी

१ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

येते. यंत्रासाठी येते, एवढं बाबांना नि दादाला स्पष्ट सांग. रात्री राहणार नाही.

बाकी भेटीत.
भिंगरी

१६ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू पेटीमागे वायर धरून बसली होतीस, त्यामुळे तुला नुसता गलका ऐकू आला. पुढून काय झालं ते सांगते.

कोणी जवळ येईना. सगळे बशा घेऊन लांबून बघत होते. तू मागून ओरडलीस की कोणीतरी सुरू करा, तेव्हा बाबांनी उजवं चाक धरलं. डाव्या चाकापाशी मीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही. होडी निघाली आणि लगेच गिरक्या घ्यायला लागली. मग बाबा एकदम गरजले की हळू! इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मीही ओरडले की तुम्ही जोर लावा ना. एक नर्स फिस्सकन हसली. होडी खडकावर आपटली.

बाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा ते घाटात बसचा गिअर बदलताना एक-दोन मोजायचे तसे तोंडाने ताल मोजू लागले, आणि मी निमूट त्या तालावर फिरवत गेले. काठाला लागलो तेव्हा मागे टाळ्या झाल्या. वळून पाहते तो रांग! मोठ्या डॉक्टरीणबाई आणि फाटकावरचा पहारेकरी एका होडीत, आणि तो बाईंना चक्क दटावत होता. बाईंनी त्याचं ऐकलंही.

लग्नाचं आम्ही काहीच बोललो नाही. मला बसपर्यंत सोडायला आले. बस तिरकी उभी केली म्हणून ड्रायव्हरला झापलं आणि ती सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.

तू जिंकलीस, वहिनी. पुढच्या तारखा आल्या म्हणे. मला खूप अभिमान वाटतो.

असाच जीव लावत राहा.
तुझी भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझा डावा हात चाकावर फार खाली असतो. त्यामुळे सुरुवातीला झटका बसतो. हात वर धरावा. दुसऱ्या खेपेला चांगले चालवलेस.

सूनबाईंनी यंत्राचा अर्धा भाग तुझ्या खोलीत ठेवला होता. मी तो काल माझ्या खोलीत आणवला. तुझी खोली झाडून घेतली आहे, खिडकीची कडीही बदलली आहे. पुढल्या वेळी रात्रीची बस धरू नये.

गुडघा बरा आहे.

तुझे
बाबा