पाटावरची बास

१८ सप्टेंबर
फसवलं मेल्यानं! भोकरदनच्या पोराकडून ही जुनी बास गिटार घेतली, तेव्हा शपथेवर सांगत होता, एकदम बराबर आहे. बराबर कसली? मान वाकलेली, तारा सैल पडतात, आवाजाचं बटण फिरवलं की पापड मोडल्यासारखी करकर. आज तालमीत आमचा ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या हारुनभाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं. कोजागिरीच्या कार्यक्रमाला साफ आवाज पाहिजे, नाहीतर बास ते कीबोर्डावरच वाजवून घेतील. म्हणजे मी घरी!

२१ सप्टेंबर
बासच्या मानेत एक सळई असते. ॲलन कीनं, म्हणजे सहा कोनांच्या छोट्या पान्यानं, तिला जरा पीळ दिला की मान सरळ होते. बाबांकडे मागितली. "न्हाई माझ्याकडं." रोलिंग मिलच्या फिटरच्या घरात ॲलन की नाही! द्यायची नाही, असं सरळ सांगावं की. बास घरात आली त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपतेय. पोरगी लोकांच्या लग्नात स्टेजवर उभी राहते ना! बीएस्सी झालीस, एखाद्या सीड कंपनीत चिकट — रोज तेच पुराण.
सायकलवाल्याकडून आणली शेवटी.

२२ सप्टेंबर
पाव फेरा पिळला. थोडी सरळ झाली. घाई नको, सळई तुटली तर संपलंच.

२७ सप्टेंबर
नवा पिकअप बसवला — तारांखाली असतो तो, आवाज पकडणारा. सोल्डरिंग स्वतः केलं. बोट भाजलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. मी मान वर केली नाही.

३० सप्टेंबर
वाजली! जाड, साफ, पोटात घुमणारी. तारा ताणायच्या नव्या चाव्या, नव्या तारा. उद्या संध्याकाळी हारुनभाईंपुढे तालीम. बघू कोण कीबोर्ड आणतं ते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
अंघोळ करून आले, तर देवापुढच्या पाटावर माझी बास! दरवर्षी तिथं बाबांचे पाने-पकडी असतात. आज एकटी ही. ओल्या फडक्यानं पुसलेली. वरून फुलानं पाणी शिंपडलेलं. नव्या पिकअपवर हळदकुंकू, बटणाच्या फटीत अक्षता!
उचलायला गेले तर बाबा मध्ये आले. "पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई, यशे. उद्या दसऱ्याला उचल."
आणि संध्याकाळची तालीम? ठाऊक होती त्यांना! मग माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. माझं वाजवणं बंद पाडायचंय तर देवाच्या आड कशाला लपता? तुमचे पाने पुजा, माझ्या वस्तूला हात लावू नका! आई स्वयंपाकघरातून हाका मारत होती, मी ऐकलंच नाही. बाबा खाली बसून सांडलेल्या अक्षता गोळा करायला लागले.
बास उचलून आणली, जोडली. खर्रर्र — आणि बंद! दुपारभर ब्रशनं कुंकू काढत बसले. तालमीला रिकाम्या हातानं गेले. हारुनभाईंनी परवाची वेळ दिली, तीही तोंड वाकडं करून.

२ ऑक्टोबर, दसरा
बास वाळली तशी बोलायला लागली. पण माझा राग काही उतरला नाही. बाबांना सोनं दिलं नाही, पाया पडले नाही. मुद्दाम.
आईनं मागच्या अंगणात बोलावून सांगितलं. "गणपतीतच मिलनं काढून टाकलं त्यांना. पाने मिलचे व्हते, तिथंच जमा केले. रोज डबा घेऊन जातात ते काम धुंडायला. तुला सांगू नको म्हन्ले. औंदा घरात पुजायला तेवढंच हत्यार व्हतं, बाई."
आणि मी काल त्यांना काय म्हटलं? तुमचे पाने पुजा!