बारावी वस्तू

तोरिनो, १४ सप्टेंबर

तीर्थरूप सेलेस्तिनाताईस,
धाकट्या सेकोंदोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्यात ओरडायचा दम नाही, म्हणून पत्र. पाचवीत सोडलेल्या शाळेचं अक्षर आहे, सांभाळून घे.

दुकान उघडलं. वांकिल्या पेठेतलं आपलंच, कोपऱ्यावरचं. मी कुलूप लावलं त्याला नऊ वर्षं झाली. आता इलारियानं बँकेतली पक्की नोकरी सोडून ते उघडलं आहे. तिची आई, म्हणजे माझी लेक, अजून तिच्याशी धड बोलत नाही. म्हणते, नातीला हे वेड आजोबांनी लावलं. मी काय लावणार? मला तर झोप नाही.

संध्याकाळी सहा ते आठ लोक जेवणाआधीचा पेला घ्यायला येतात, पूर्वीसारखेच. पण फळीवरचं खाणं बघशील तर ओळखणार नाहीस. सगळं सेंद्रिय, आणि जनावराचं काहीसुद्धा नाही. सलामी नाही, चीज नाही, लोणी लावून वर खारवलेला मासा ठेवलेला पाव नाही. हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं आहे, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आहेत, ऑलिव्ह आहेत. हिरवी चटणी आहे, पण तीत ना अंडं ना मासा. मी विचारलं, पोरी, लोक पेल्याबरोबर चघळणार काय? तर म्हणाली, आजोबा, दात तुमचे पडलेत, लोकांचे नाही.

दाराशी काळी पाटी आहे. तिच्यावर खडूनं लिहिलंय: ‘इथलं सगळं झाडापानांचं.’ खाली माझं नाव घालून लिहिलंय, ‘आजोबा सेकोंदोचा लाल अर्क, तीन पिढ्यांचा.’ सोडा, बर्फ आणि संत्र्याची फोड घालून तोच पेला सगळ्यात जास्त जातो.

ताई, आता खरी गोष्ट लिहितो. परवा तुझ्याकडचा मध मी फळीवर ठेवायला गेलो. इलारियानं तो उचलून घरात नेऊन ठेवला. म्हणाली, मधमाशीचं असतं ना ते, आपल्याकडे नाही चालत. मी हसलो. आणि हसता हसता माझी नजर लाल अर्काच्या बाटलीवर गेली.

बाबांचा खल आठवतो ना? तू कुटायचीस आणि मी चाळायचो. शाळेत बाई विचारायच्या, सेलेस्तिना, बोटं लाल का गं तुझी? ते वाळलेले किडे होते, ताई. सत्तर वर्षं ती पूड माझ्या हाताखालून जाते आहे आणि मला तो फक्त रंग वाटत आला. त्यात जीव होता हे कधी मनातच आलं नाही.

इलारियानं पाटीसाठी अर्कात काय काय पडतं ते विचारलं होतं. अकरा वस्तू सांगितल्या. बारावीला म्हणालो, एक मूळ असतं लाल. तुला बाबांचा नेम ठाऊक आहे: शेवटची वस्तू आपले हात थांबले की मगच पुढच्याला सांगायची. मी तो पाळला, एवढंच.

काय करू ते कळव. गुडघ्याला तेल लाव. तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहायला धजलो.

तुझा
सेकोंदो

निझ्झा, २१ सप्टेंबर

चि. सेकोंदो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाईट नाही, डोकं वाईट आहे.

काय करू म्हणून विचारतोस? हे पत्र खाली ठेव, उठ, आणि नातीला सांग. ती ओरडेल, एक दिवस जेवणार नाही, मग विसरेल. चूक आज एका बाटलीएवढी आहे. उद्या ती दुकानाएवढी होईल.

आणि बाबांचा नेम मला सांगू नकोस. तो नेम समोरच्या दुकानदारासाठी होता. तो मरून वीस वर्षं झाली, आणि जाताना त्याला आपल्या अर्काची आठवणही झाली नसेल.

बसनं टोपली पाठवली आहे. हेझलनट आहेत, आणि मातीत वाकवून पांढऱ्या केलेल्या कार्दो भाजीच्या देठांची पहिली जुडी. इलारियाला सांग, लसणाच्या गरम तेलात बुडवून खायला दे. मासा घालायचा नसेल तर अक्रोड कुटून घाल म्हणावं. मी परवा करून पाहिलं. वाईट लागत नाही, पण हे गावात कुणाला सांगू नकोस.

उत्तर लवकर. आहे ती माया कमी करायला लावू नकोस.

तुझी
ताई

तोरिनो, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,
सेकोंदोचा शि. सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. कार्दो छान निघाले. अक्रोडाचं तेल लोकांनी पाव फिरवून पुसून खाल्लं.

सांगितलं नाही. आधी वाटलं, रंगच बदलून टाकू म्हणजे सांगायची वेळच येणार नाही. बीटाचा रस घालून पाहिला. चार दिवसांत बाटली गंजल्या पाण्यासारखी दिसायला लागली. रात्री मोरीत ओतली. मग लाल द्राक्षांची सालं घातली, तर कुजका वास यायला लागला. तीही ओतली. इलारिया विचारते, अर्क का पुरत नाही? मी म्हणतो, लोक पितात म्हणून.

आता आणखी एक झालंय. ओत्ताव्यो मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. पलीकडच्या गल्लीत राहतात आणि रोज सव्वासहाला येतात. कोट घातलेला, वर्तमानपत्राची घडी काखेत. लहानपणी त्यांचं घर कत्तलखान्याच्या मागं होतं. पुढं हातात स्वतःचा पगार आल्यावर त्यांनी जनावराचं खाणं सोडलं, त्याला बत्तीस वर्षं झाली. कुठंही गेले की आधी विचारतात, यात काय आहे, त्यात काय आहे. पोरं त्यांची थट्टा करतात. म्हणे एकदा लग्नात त्यांनी पाद्र्यालासुद्धा विचारलं होतं, प्रसादाच्या पावात काय आहे.

आमच्याकडे ते विचारत नाहीत. पाटी वाचतात आणि खिडकीजवळ बसतात. परवा मी पेला ठेवला, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, “सेकोंदो, या शहरात न विचारता मी पितो तो एवढाच पेला.”

मी म्हणालो, आभारी आहे. ताई, खरंच एवढंच म्हणालो. नंतर आत जाऊन फडकं धुवत बसलो.

रोज ठरवतो की आज सांगीन. मग सहा वाजतात, लोक येतात. इलारियाचा चेहरा असा फुललेला असतो की तोंड उघडत नाही. पोरीनं सगळं पणाला लावलंय ते त्या पाटीवर. पाटी खोटी आहे असं बाहेर गेलं तर कोण येणार? आणि तिची आई म्हणेल, बघ, सांगत नव्हते मी.

तू रागावशील. पण लोभ तोडू नकोस.

तुझा
सेकोंदो

निझ्झा, १६ ऑक्टोबर

सेकोंदो,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

इलारियासाठी गप्प आहेस असं तू मला लिहितोस, तेच कदाचित स्वतःलाही सांगतोस. मी तुला पाळण्यात पाहिलंय. तुला ना नेमाची पडली आहे, ना पाटीची. बारावी वस्तू सांगितली की तुझे हात थांबले. मग त्या दुकानात तू कोण? कोपऱ्यातली खुर्ची. भीती ती आहे.

ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझं कोंबड्यांचं काम सुनेनं घेतलं तेव्हा मी आठवडाभर अंगणात जाऊन नुसती उभी राहायचे. पण त्या मास्तरांना तुझ्या भीतीची किंमत का म्हणून मोजायला लावतोस? ते तुझ्या हातचं न विचारता पितात.

सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, सांग. नाही सांगितलंस तर मी इलारियाला लिहीन.

ताई

तोरिनो, २५ ऑक्टोबर

तीर्थरूप सेलेस्तिनाआजीस,
इलारियाचा सा. न.

कार्दो आणि हेझलनट यांसाठी किती आभार मानू? तुमचं अक्रोडाचं तेल फळीवर ठेवलं की दहा मिनिटांत वाडगं कोरडं होतं. लोक विचारतात कुणाची कृती. मी सांगते, निझ्झाची माझी आजी. तुम्ही गावात सांगू नका म्हणालात, शहरात सांगू नका असं नाही म्हणालात.

आजी, हे पत्र आजोबांबद्दल आहे. त्यांना ते कळू देऊ नका. ते रात्री अर्क मोरीत ओततात. मी मोरीला लाल डाग पाहिले. परवा त्यांनी भरलेला मोठा बुधला जमिनीवर सोडला. हातातून निसटला म्हणाले, पण मी समोर होते, तो निसटला नव्हता. आणि काल त्यांनी ओत्ताव्यो मास्तरांसमोरून अर्धा भरलेला पेला उचलून नेला. मास्तर बघतच राहिले. मी विचारलं तर म्हणाले, माशी पडली होती.

पहिल्या दिवसापासून त्यांना माझी फळी आवडलेली नाही, ते मला माहीत आहे. सलामी नाही म्हणून ते कुरकुरायचे तेव्हा मी हसायचे. पण आता वाटतं, हे दुकान माझ्या पद्धतीनं चालू नये अशीच त्यांची इच्छा आहे. आई रोज तेच म्हणते. तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता मला.

तुम्ही त्यांना ओळखता. ते माझ्यावर एवढे का चिडलेत, ते तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाला विचारू?

तब्येतीला जपा. आहे तशी माया राहू द्या.

तुमची
इलारिया

निझ्झा, २९ ऑक्टोबर

चि. सेकोंदो यास आशीर्वाद.

सोबत इलारियाचं पत्र पाठवते आहे. तिनं तुला दाखवू नका म्हटलंय. मी तिचा शब्द मोडते आहे, त्याचं पाप माझ्या माथी.

मी तिला अजून काही लिहिलेलं नाही. तिला वाटतंय, तिचं दुकान बुडावं म्हणून तू हे करतोस. हे वाच, आणि वाचून झालं की लगेच तिच्याकडे जा. दुसरा दिवस उजाडू देऊ नकोस.

ताई

तोरिनो, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप सेलेस्तिनाताईस,
सेकोंदोचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पाकीट दुपारी आलं. दुकानात इलारिया एकटीच धिरड्याचं पीठ कालवत होती. मी खल आणून तिच्यासमोर ठेवला, पुडी सोडली आणि सांगितलं हे काय आहे. तुला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. हात तसेच पिठात ठेवून तिनं एवढंच विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

मी म्हणालो, मधाच्या दिवसापासून.

तिनं हात धुतले. मग बाहेर जाऊन पाटी पुसली, फडकं न घेता बाहीनंच. नवीन लिहिलं: ‘आमच्या लाल अर्काला रंग किड्यांचा होता. आम्ही चुकीचं लिहिलं होतं. आता त्यात तो नाही.’ आम्ही लिहिलं होतं, असं लिहिलं तिनं, ताई. आजोबांनी, असं नाही. मग म्हणाली, मास्तरांना मात्र तुम्ही सांगायचं.

सव्वासहाला मास्तर आले, पाटी वाचली, आणि आत येऊन उभेच राहिले. मी बारावी वस्तू सांगितली, आणि कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “बत्तीस वर्षं मी प्रत्येक दारात विचारून खाल्लं. फक्त तुमच्याकडे विचारलं नाही.” वर्तमानपत्र काखेत घेतलं आणि गेले. त्यांचे दोन सोबतीही येईनासे झाले. एक बाई पाटीचा फोटो काढून गेली. पहिल्या आठवड्यात रोज धिरडं उरलं, ते मीच खाल्लं.

आता अर्क इलारिया करते, अकरा वस्तूंचा. रंग फिक्या चहासारखा. नवे लोक विचारतात हे काय, ती सांगते, आणि काही जण तरीही घेतात. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. आजोबा म्हणते, पण पूर्वी पुढे जी थट्टा असायची ती नसते. तू लिहिलंस तसंच झालं, मी खुर्चीवर बसतो. खल मी आठ वेळा घासला. तळाचा लाल जात नाही.

शनिवारी मास्तर आले. मला ते रस्त्यावरच दिसले. दारापाशी थांबले, पाटी पुन्हा वाचली आणि खिडकीजवळ बसले. इलारिया धावत गेली. त्यांनी वाटीकडे बोट करून विचारलं, यात काय आहे? ती सांगायला लागली, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, “तुम्ही नाही. यांना सांगू द्या.”

मी उठलो. ऑलिव्हमध्ये काय? मीठ, पाणी, बडीशेप. धिरड्यात? हरभऱ्याचं पीठ, तेल, पाणी. पावात, चटणीत, तुझ्या अक्रोडाच्या तेलात, सगळ्यात काय ते विचारलं. शेवटी पेल्याकडे बोट केलं. मी अकरा नावं सांगितली आणि थांबलो. लोक बघत होते. ते म्हणाले, पुढचं? मी म्हणालो, पुढं काही नाही, मास्तर.

त्यांनी खूप वेळ पेला उजेडाकडे धरला. दोन घोट घेतले, बाकीचा तसाच ठेवून गेले.

काल पुन्हा आले आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं, ऑलिव्हपासून. मी पुन्हा सगळं सांगितलं. आज सहा वाजायला आलेत. इलारियानं आत्ताच माझी खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली. मी कोट घालून बसलो आहे.

पुरे करतो. लोभ असू दे, आणि तूही मला विचारत जा.

तुझा
सेकोंदो