कोड आईकडे आहे

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? इकडे घरातले बाकीचे ठीक आहेत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. (अक्षर माझंच आहे. 'ळ' बघ, असा फरफटलेला 'ळ' दुसरं कुणी काढत नाही.)

आमच्या रंगाच्या कारखान्यात प्रशिक्षण-प्रमुखाची जागा निघाली आहे, आणि तिच्यावर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे. सगळ्या शाखांतल्या लोकांना फोनवरून काम करायला शिकवायचं, ही ती नोकरी. मुलाखतीची वेळ ऑफिसच्या मेलवर येणार, कॅलेंडरवर उत्तर दाबायचं, न दाबलं तर नाव कापलं. आणि नेमके आताच टेबलावरचे संगणक उचलून नेले आणि हातात नवे फोन दिले. सगळ्यांचे चालतात. माझ्या फोनवर ना मेल ना कॅलेंडर, नुसतं एक चाक गरागरा फिरतंय. आमच्या संगणकवाल्याने (त्याला सगळे 'बंदचालू' म्हणतात, कारण प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे तेवढंच औषध) फोन बंद केला, चालू केला, परत बंद केला, आणि शेवटी म्हणाला की जुन्या फोनवर कोड येतो तो इथे टाका, नाहीतर मोठ्या बाईंची सही आणा. आता लोकांना फोन कसा शिकवाल हे ज्या बाई मला विचारणार, त्यांच्याकडेच माझा फोन चालत नाही म्हणून सही मागायला जाऊ?

जुना फोन आईकडे. मीच दिला, ऑफिसचं खातं न काढता. (बोलू नकोस, माझं मला कळतंय.) तिला फोन करून म्हटलं, जरा कोड वाच. तर म्हणाली, "कोड कुणालाही सांगायचा नाही, दादानं बजावलंय." अगं, मी तुझी मुलगी, म्हटलं. त्यावर तिने माझी परीक्षाच घेतली. लहानपणी हनुवटीला खोक कशाने पडली? मी म्हणाले जिन्यावरून पडले, ती म्हणे टेबलावरून. झालं, मी भामटी ठरले. (जिनाच होता दादा, तू होतास तिथे.) बरं, निदान ऑफिसचे मेल तरी वाचून दाखव, तर म्हणे मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही. आणि फोन ठेवला. तुला लावावा, तर तू माझा नंबरच ब्लॉक केलेला! कुणीतरी माझ्या आवाजात फसवतंय असं तिने सांगितलं असणार, आणि तूही लगेच ऐकलंस.

शेजारच्या टेबलावर टिंग वाजलं तरी मी माझाच फोन उचलून बघते. काल एकीला तिच्या मुलाखतीची वेळ कळली. मलाही कळली असं दाखवून मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. खरं सांगते, मला भीती वाटतेय. फोनवर तुम्हाला मी खोटी वाटते, म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. आईला सांग, मी मीच आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. कोड पत्रातून पाठवू नकोस, तो अर्ध्या मिनिटात बाद होतो. आधी माझा नंबर मोकळा कर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मोठ्या बाई लिफ्टपाशी भेटल्या. म्हणाल्या, तुमचं उत्तर मिळालं, शनिवारऐवजी सोमवारी घेऊ मुलाखत. मला काही कळेना. मग त्यांनीच त्यांचा फोन पुढे धरला. 'येणार नाही' दाबलेलं, आणि खाली लिहिलेलं: "शनिवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुलगी जवळ हवी." दादा, जुन्या फोनवरून आईनंच दाबलंय हे, आणि तिच्या ऑपरेशनचं मला कुणी सांगितलंच नाही. आई बोलणार कधी, मी तिला हॅलोही म्हणू न देता कोड मागत होते. तू सांगणार कसा, मी ब्लॉक. शुक्रवारी संध्याकाळी पोचते. कोड राहू दे. आणि शनिवारी ऑफिसचं आणखी काही आलं, तर आईला म्हणावं, बेधडक 'नाही' दाब.